हातचा एक

गुरुवारी सव्वादोनला मी किटली लावते.
टार्टूत तेव्हा उजेड उतरणीला लागलेला असतो;
डिसेंबरात तर दिवस
आला काय, गेला काय.

दाराशी बुटांची रांग, खाली वितळलेल्या बर्फाची थारोळी.
बुटांवरून कळतं कोण कोण आलंय:
बीजगणितवाले टाचेला टाच लावून ठेवतात,
संख्याशास्त्रवाल्यांचा एक इकडे, एक तिकडे,
सरासरी मात्र बरोबर.

मी गणितातली नव्हे. मी यादी ठेवते, कप मोजते.
अठरा माणसं, अठरा कप
आणि हातचा एक.
कुणासाठी, ते ठरवलेलं नसतं.
एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस
शेवटच्या रांगेत बसला तो उठलाच नाही.
जाताना म्हणाला, गळती शोधावी तर अशी,
वरून खाली, एकेक सांधा दाबत.

इथलं प्रत्येक व्याख्यान 'समजा'पासून निघतं.
समजा, हा संच बंद आहे.
समजा, असा एक बिंदू आहे.
तेवीस वर्षं दाराच्या फटीतून ऐकतेय;
पहिली काही वर्षं वाटायचं
विनंती करतायत बिचारे.

त्या गुरुवारी केर्तूची पाळी.
चार वर्षांचं काम, नवा निळा स्वेटर,
घरून आणलेला खडू, रुमालात गुंडाळलेला.
तीन फळे तिनं भरले, अक्षर शाळेतल्यासारखं.
पुढच्या खुर्चीत म्हातारा हेल्दुर
हनुवटी छातीला लावून झोपलेला, रिवाजाप्रमाणे.

चौथ्या फळ्यावर तिचा हात थांबला.
कुणी काही विचारलं नव्हतं.
ती वळली, दुसऱ्या फळ्यापाशी गेली,
एका बारीकशा चिन्हाकडे बघत राहिली,
अर्ध्या रस्त्यात आठवावं
गॅस चालू राहिलाय, तशी.

"हे खरं नाही," ती म्हणाली.
एवढंच. आवाज चढला नाही, पडलाही नाही.
खडू मात्र रुमालात परत जाईना.

सतरा माणसं आपापल्या वहीत बघू लागली,
जणू चूक तिथेही उमटली असावी.

"चौऱ्याहत्तर," हेल्दुर म्हणाला, डोळे मिटलेलेच.
"चौऱ्याहत्तर साली मी याच पायरीवरून पडलो.
मग लेम्बित पडला. मग तो लाटव्हियाचा उंच मुलगा,
त्यानं तर पडल्या पडल्या लग्न केलं.
तू निदान दिवा लावून पडलीस."
आणि उठून, गुडघा धरत,
त्यानं त्या ओळीभोवती चौकट काढली,
वर लिहिलं: पुसू नये.

विभागाचा नियम जुना आहे.
प्रमेय सुटलं, तर केक.
चूक सापडली, तर केक.
स्वतःची स्वतः सापडली, तर दोन.

सोमवारी केर्तूचे बूट दाराशी नव्हते.
मंगळवारीही नाहीत.
मी तिच्या दारापर्यंत गेले, टकटक न करता परत आले;
काय विचारणार? ताळा जमला का?
गुरुवारी ती दोन डबे घेऊन आली.
वेलदोड्याचा एक, दुसरा खालून करपलेला.
करपलेला आधी संपला.
भूमितीवाले दोघे, जे सप्टेंबरपासून बोलत नव्हते,
एकाच सुरीसाठी थांबले,
आणि बोलावंच लागलं: "तू घे." "नाही, तू."

मार्च आलाय. एमायोगीवरचा बर्फ तडकतोय,
रात्री खिडकीपर्यंत ऐकू येतं.
झिनाइदा संध्याकाळी फळे पुसायला येते,
ओलं फडकं चौकटीच्या कडेकडेनं फिरवते,
झोपलेल्या मुलाभोवती झाडावं तसं.
काल ती थांबली.
"यात चुकलंय कुठे?" तिनं विचारलं.

हातचा कप मी तिच्यासमोर ठेवला.
खुर्ची ओढली. खडू घेतला.
"समजा," मी म्हणाले,
आणि पुढचं मला येईना.
ती वाट बघत बसली.